गजर वाजला तरी 'ऑफ' आणि दिवा विझला तरी 'ऑफ': इंग्रजी वाक्प्रचारांतला हरवलेला तर्क

प्रश्न असा आहे: दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो, मग अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो कसा? 'हेड ओव्हर हील्स' म्हणजे उलटापालटा, पण डोकं टाचांच्या वर तर एरवीही असतंच. 'निअर मिस' म्हणजे टक्कर टळली, मग त्यात 'निअर' कशाला? आणि 'आय कुड केअर लेस' म्हणणाऱ्याला पर्वा नसते, शब्द मात्र पर्वा आहे असं सांगतात. या सगळ्याला काही तर्क आहे, की नुसतं पाठ करायचं?

तर्क आहे, पण तो एकच नाही. या चार उदाहरणांमागे चार वेगळी कारणं आहेत. पहिल्यात 'ऑफ' या छोट्या शब्दाचा पसरट अर्थ आहे, दुसऱ्यात शब्दांचा क्रम फिरला आहे, तिसऱ्यात जोडणी चुकीच्या जागी केली जाते आणि चौथ्यात नकार गळून पडला आहे. पाचवं कारण यात आलेलं नाही, पण सगळ्यात जास्त वाक्प्रचार त्यानेच बिघडलेले दिसतात: एखाद्या शब्दाचा जुना अर्थ भाषेतून गेला आणि वाक्प्रचारात तेवढा अडकून राहिला. कुठलाही वाक्प्रचार अतर्क्य वाटला की आधी विचारावं, नेमका कोणता शब्द खटकतोय? एकदा तो सापडला की निम्मं काम झालं.

'ऑफ'पासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर मराठीतच आहे. शाळा सुटली म्हणजे संपली. गाडी सुटली म्हणजे निघाली. वारा सुटला म्हणजे वाहायला लागला. नोकरी सुटली म्हणजे गेली आणि कोडं सुटलं म्हणजे उकललं. एकच क्रियापद इकडे सुरुवात सांगतं, तिकडे शेवट, आणि आपल्याला त्यात कधी ठेचही लागत नाही. कारण 'सुटणे' म्हणजे बांधलेलं, अडवलेलं काहीतरी मोकळं होणं. मोकळं झाल्यावर ते थांबेल की धावेल हे त्या वस्तूवर अवलंबून असतं. 'ऑफ'चं अगदी असंच आहे. जिथे टेकलेलं, जोडलेलं होतं तिथून दूर, एवढंच तो सांगतो. दिव्याचा प्रवाहाशी संबंध तुटला की तो 'ऑफ'. बंदुकीचा चाप ओढला, अडवून ठेवलेला घोडा सुटला, की बंदूक 'गोज ऑफ'. चावीच्या घड्याळातला गजर बंदुकीच्याच जातीचा असतो. गुंडाळलेली स्प्रिंग एका खिट्टीने अडवलेली असते, ठरल्या वेळी खिट्टी सरकते आणि हातोडी घंटेवर आपटायला लागते. आता फोनमध्ये ना स्प्रिंग ना खिट्टी, पण क्रियापद तेच राहिलं.

म्हणून 'गो ऑफ'चा अर्थ लावताना कर्ता पाहावा. अडवलेली ऊर्जा एकदम बाहेर पडणार असेल (बॉम्ब, बंदूक, सापळा, सायरन, अलार्म) तर ते उडतं किंवा वाजतं. सतत प्रवाहावर चालणारं असेल (दिवा, पंखा, हीटर) तर ते बंद पडतं. इथे तीन वाक्यं नेहमी एकमेकांत मिसळतात, ती वेगळी ठेवावीत. 'द अलार्म वेन्ट ऑफ' म्हणजे वाजला. 'द अलार्म इज ऑफ' म्हणजे लावलेलाच नाही. 'आय टर्न्ड द अलार्म ऑफ' म्हणजे मी तो बंद केला. आणखी एक क्रियापद यात घोळ घालतं: 'सेट ऑफ द अलार्म' म्हणजे अलार्म वाजायला कारण झालो, बंद केला असं मुळीच नव्हे. सुरक्षेच्या सूचना लिहिणाऱ्यांनी तर 'गोज ऑफ' वापरूच नये. 'व्हेन द अलार्म गोज ऑफ, री-एंटर द बिल्डिंग' हे वाक्य कुणी 'अलार्म थांबला की आत या' म्हणून लिहिलं, तर वाचणारा अलार्म वाजत असताना आत शिरेल. वाजतो तेव्हा 'साउंड्स' आणि थांबतो तेव्हा 'स्टॉप्स' लिहावं, दोन अर्थ निघायला जागाच राहत नाही.

'अप', 'डाउन', 'आउट' यांची गतही हीच. 'ईट अप'मध्ये वर काय जातं? 'फिल इन द फॉर्म' आणि 'फिल आउट द फॉर्म' यांचा अर्थ एकच कसा? याचीही किल्ली मराठीत आहे. 'खाऊन टाक' म्हणताना आपण काही टाकत नसतो. 'विसरून गेलो' म्हणताना कुठे जात नसतो आणि 'बोलून बसलो' हे उभ्याउभ्याही म्हणतो. टाकणे, जाणे, बसणे ही क्रियापदं तिथे आपला मूळ अर्थ सोडून क्रिया पूर्ण झाली, हातची गेली, अशी छटा देतात. इंग्रजीत हेच काम 'अप' आणि 'आउट' करतात. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. फॉर्ममधल्या रिकाम्या जागांकडे पाहिलं तर 'फिल इन', फॉर्म शेवटपर्यंत पुरा झाला याकडे पाहिलं तर 'फिल आउट'. दुसरं रूप अमेरिकेत जास्त चालतं. 'बर्न अप' आणि 'बर्न डाउन' यांत मात्र फरक आहे. घर 'बर्न्स डाउन', कारण ते कोसळून भुईसपाट होतं. कागद किंवा इंधन 'बर्न्स अप', कारण काही उरतच नाही. कागदाला 'बर्न्ड डाउन' कुणी म्हणत नाही. मेणबत्तीला म्हणतात, कारण तिची उंची खरोखर खाली येते.

आता क्रम फिरलेले. मराठीत आपण 'खाली डोकं वर पाय' म्हणतो आणि चित्र बरोबर उमटतं. इंग्रजीतही चौदाव्या शतकापासून 'हील्स ओव्हर हेड' असंच होतं, टाचा डोक्याच्या वर. अठराव्या शतकात तो क्रम उलटा झाला आणि उलटाच रूढ झाला. सबंध वाक्प्रचार एका दमात, एकाच शब्दासारखा उच्चारला जाऊ लागला की आतले शब्द कुणी तपासत नाही, म्हणून असं होतं. 'अपसाइड डाउन'चा प्रवास याहून मजेशीर आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'अप सो डाउन' असा होता. मधल्या 'सो'चा अर्थ लागेना, म्हणून लोकांनी तिथे ओळखीचा 'साइड' बसवला. पहिल्याचा अर्थ गेला, दुसऱ्याचा नव्याने घडवला गेला. दोन्ही बदल सामान्य बोलणाऱ्यांनीच केलेले.

केकचा वाक्प्रचारही याच गटात धरला जातो, पण त्याबद्दल बरंच अर्धवट सांगितलं जातं, म्हणून थोडं थांबतो. 'यू कान्ट हॅव युवर केक अँड ईट इट टू' ऐकून कुणालाही वाटतं, केक मिळाला तर खायचा नाही तर काय करायचा? अडचण 'हॅव'मध्ये आहे. इथे 'हॅव' म्हणजे जवळ राखून ठेवणं. पण 'हॅव ब्रेकफास्ट'मध्ये तोच शब्द खाणं या अर्थाने येतो, त्यामुळे कानाला 'खा आणि खा' असं काहीतरी ऐकू येतं. क्रम उलटा करून पाहा: केक खाऊन टाकायचा आणि तो शिल्लकही ठेवायचा, दोन्ही जमणार नाही. लगेच लख्ख होतं. इंग्रज लेखक जॉन हेवूड यांच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात 'ईट' हा शब्द आधी येतो. मात्र 'मूळ म्हण ईट-हॅव अशी होती, ती पुढे बिघडली' हे छातीठोक विधान बरोबर नाही. १५३८ मध्ये ड्यूक ऑफ नॉरफोकने इंग्लंडच्या राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला लिहिलेल्या पत्रात 'हॅव' आधी आलेला आहे. दोन्ही क्रम जुने, शतकानुशतकं शेजारी नांदलेले, आणि विसाव्या शतकात 'हॅव' आधी असलेला वरचढ झाला.

या क्रमाने एका गुन्ह्याच्या तपासातही हातभार लावला आहे. अमेरिकेत टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या टेड कॅझिन्स्कीचा जाहीरनामा १९९५ मध्ये छापला गेला. त्यात 'ईट युवर केक अँड हॅव इट टू' असा जुना, तर्काला धरून असलेला क्रम होता. त्याने घरी लिहिलेल्या पत्रांतही तोच क्रम सापडला. लिखाण त्याचंच आहे हे दाखवणाऱ्या भाषिक साम्यांपैकी हे एक होतं. १९९६ मध्ये तो पकडला गेला. बहुतेक लोक वाक्प्रचार न तपासता वापरतात आणि एखादाच तो सुटा करून 'बरोबर' लिहितो. त्यामुळे हा 'बरोबर' क्रमच सहीसारखा उठून दिसला.

जुना अर्थ अडकून राहिल्याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'दि एक्सेप्शन प्रूव्ज द रूल'. अपवादाने नियम सिद्ध कसा होईल? उलट तो मोडतोच की. यावर 'प्रूव्ह म्हणजे पूर्वी तपासणं, अपवाद नियमाची परीक्षा घेतो' असं उत्तर सर्रास दिलं जातं. 'प्रूव्ह'ला हा अर्थ होता हे खरं आहे. छपाईतली प्रुफं तपासण्यासाठीच असतात, आणि 'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन दि ईटिंग' या म्हणीत तोच अर्थ आहे: पुडिंगची परीक्षा खाण्यात. (हल्ली तिचं 'द प्रूफ इज इन द पुडिंग' असं मधलं कापलेलं रूप फिरतं, त्याला खरोखरच अर्थ नाही.) पण अपवादाच्या म्हणीला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. ती कायद्यातून आली आहे. रोममध्ये इसवी सनपूर्व ५६ मध्ये बाल्बस नावाच्या माणसाच्या बचावाच्या भाषणात वक्ता आणि वकील सिसेरोने केलेला युक्तिवाद तिच्या मुळाशी आहे: काही जणांना स्पष्टपणे वगळलं असेल, तर ज्यांना वगळलं नाही त्यांना ती गोष्ट लागू आहे असं त्यातूनच ठरतं. 'रविवारी पार्किंग मोफत' अशी पाटी पाहा. इतर दिवशी पैसे पडतात हे तिच्यावर कुठेही लिहिलेलं नाही, तरी ते सिद्ध होतं. म्हणजे अपवाद केला गेल्यामुळे न लिहिलेला नियम उघड होतो. तेव्हा ही म्हण वापरायची तर इथेच वापरावी. 'सगळे हंस पांढरे असतात' असं म्हणणाऱ्यासमोर काळा हंस आणला आणि त्याने 'एक्सेप्शन प्रूव्ज द रूल' म्हटलं, तर तो म्हणीचा गैरवापर झाला. काळ्या हंसाने नियम मोडला, संपलं.

'द मोअर द मेरिअर'मधला 'द' हा असाच फसवा आहे. नेहमीच्या 'द'शी त्याचं काही देणंघेणं नाही. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाची 'इतक्याने' अशा अर्थाची एक विभक्ती होती, तिचा हा अवशेष. म्हणजे वाक्याचा सांगाडा हुबेहूब आपल्या 'जितके जास्त तितकी मजा' सारखा आहे. पहिला 'द' म्हणजे 'जितके', दुसरा म्हणजे 'तितके'. एवढं कळलं की दोन चुका आपोआप टळतात. दुसरा 'द' गाळला जात नाही, आणि दोन्ही 'द'पुढे तुलनेचं रूपच येतं हे लक्षात राहतं: 'द सूनर द बेटर'. 'सिक्स-फुट वॉल'मध्ये 'फीट' का नाही, याचंही कारण अशीच बुजलेली विभक्ती आहे. जुन्या इंग्रजीत अंकानंतर षष्ठीचं अनेकवचन 'फोटा' यायचं, ते झिजून 'फुट' झालं आणि एकवचनासारखं दिसू लागलं. जोडविशेषणात नेहमी 'फुट', सुटं असेल तर 'फीट': 'अ सिक्स-फुट वॉल', पण 'द वॉल इज सिक्स फीट हाय'.

काही वाक्प्रचार गेलेल्या व्यवसायांतून राहिले. 'बाय अँड लार्ज' हा शिडाच्या जहाजांचा. 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या रोखाला शक्य तितकं जवळ राहून जाणं, 'लार्ज' म्हणजे वारा मागून घेऊन जाणं. दोन्ही प्रकारे जहाज नीट चालतं, म्हणून 'एकंदरीत पाहता'. 'हॉइस्ट विथ हिज ओन पेटार्ड', म्हणजे आपल्याच डावात फसणं, यातला पेटार्ड म्हणजे किल्ल्याचा दरवाजा उडवायला लावायचा दारूचा बॉम्ब. तो लावणाराच कधीकधी हवेत उडायचा. पेटार्ड हा भाला किंवा आकडा आहे असं समजून 'ऑन हिज ओन पेटार्ड' लिहिलं जातं, ती चूक. आणि 'करी फेवर'मधल्या 'करी'चा स्वयंपाकाशी काहीही संबंध नाही. 'करी' म्हणजे घोड्याला खरारा करणं. 'फेवर' मुळात 'फॉव्हेल' होतं, चौदाव्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यातल्या ढोंगी घोड्याचं नाव. त्याला खरारा करून खूश ठेवायचं, म्हणजे लांगूलचालन. घोडा विस्मरणात गेला आणि त्या जागी कानाला जवळचा, अर्थालाही जुळणारा 'फेवर' येऊन बसला.

'निअर मिस'मध्ये गोंधळ आहे तो जोडणीचा. ऐकणारा 'निअर'चा अर्थ 'निअर्ली', म्हणजे 'जवळजवळ', असा धरतो आणि 'जवळजवळ हुकला, म्हणजे लागलाच' असं समजतो. पण 'निअर' हे इथे 'मिस'चं विशेषण आहे: हुकलंच, पण जवळून हुकलं. मराठीत 'थोडक्यात वाचला' म्हणतो तेव्हा तो पूर्णच वाचलेला असतो, थोडासा नव्हे. तरीही जिथे चुकीच्या अर्थाची किंमत मोठी आहे तिथे हा शब्द टाळलेलाच बरा. अमेरिकेचं विमान वाहतूक खातं 'निअर मिड-एअर कोलिजन' असा शब्द वापरतं, आणि दोन विमानं ५०० फुटांपेक्षा जवळ आली की ती घटना त्यात मोडते. 'कोलिजन'ला जोडल्यावर मात्र 'निअर'चा अर्थ 'होता होता टळलेली' असा होतो, आणि तिथे शंका राहत नाही.

'इनफ्लेमेबल'मध्ये तर चुकीच्या जोडणीने जीवच जाऊ शकतो. 'इन' म्हणजे नकार असं धरून 'न पेटणारा' असा अर्थ काढला जातो. खरं तर शब्द 'इनफ्लेम' अधिक 'एबल' असा तोडायचा आहे: पेट घेऊ शकणारा. लॅटिनमध्ये दिसायला सारखे दोन 'इन' आहेत, एक नकाराचा आणि एक 'आत, मध्ये' या अर्थाचा. हा दुसरा. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकातच 'फ्लेमेबल' वापरण्याचा आग्रह धरला तो याच भीतीने. लेबल लिहिताना पेटणाऱ्यासाठी 'फ्लेमेबल' आणि न पेटणाऱ्यासाठी 'नॉन-फ्लेमेबल' ही जोडी वापरावी, तिसरा शब्द येऊच देऊ नये. 'इनव्हॅल्युएबल'मध्ये मात्र 'इन' नकाराचाच आहे, तरी अर्थ 'फार मौल्यवान'. किंमत करता येत नाही इतकं मोलाचं. आपला 'अमूल्य' शब्द याच घडणीचा आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

आता नकार. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात कमी शिकवलं जातं तेही इथेच. 'आय कुडन्ट केअर लेस' याचा हिशेब सरळ आहे: माझी पर्वा आधीच शून्यावर आहे, याहून कमी होणं शक्य नाही. हे रूप विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झालं आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेत त्यातला 'नॉट' गळून 'कुड केअर लेस' चालू झालं. ते उपरोधाने बोललं जातं असा एक युक्तिवाद आहे. मला तो पटत नाही, कारण बोलणाऱ्यांच्या सुरात उपरोध सहसा नसतो. 'कुडन्ट'च्या शेवटचा 'न्ट' बोलण्यात इतका पुसट होतो की तो गेला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही, हे जास्त संभवतं. बोलताना समोरच्याने 'कुड' म्हटलं तर अर्थ 'पर्वा नाही' असाच घ्यायचा. लिहिताना आपण 'कुडन्ट'च लिहायचं.

'आय कुडन्ट अग्री मोअर' हा याचा आरसा. ऐकताना विरोध वाटतो, पण अर्थ आहे 'याहून जास्त सहमत होणं शक्य नाही', म्हणजे शंभर टक्के सहमती. 'यू कान्ट बी टू केअरफुल' म्हणजे कितीही काळजी घेतली तरी ती जास्त होत नाही. 'फार काळजी घेऊ नका' असा अर्थ लावला की घात झाला. 'नकार अधिक तुलना किंवा टू' असा साचा दिसला की 'कितीही', 'याहून' हे शब्द घालून मराठीत मांडून पाहावं, अर्थ लगेच सरळ होतो.

या साच्यापुढे इंग्रजी मातृभाषा असलेलेही हरतात. १९७९ मध्ये वेसन आणि राइक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका वाक्यावर लिहिलं: 'नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हियल टु बी इग्नोर्ड'. बहुतेक जण याचा अर्थ 'डोक्याची कुठलीही दुखापत क्षुल्लक समजून दुर्लक्षू नये' असा घेतात. आता याच घडणीचं दुसरं वाक्य घ्या: 'नो मिसाइल इज टू स्मॉल टु बी बॅन्ड', म्हणजे कितीही छोटं असलं तरी प्रत्येक क्षेपणास्त्रावर बंदी घालावी. तोच हिशेब पहिल्या वाक्याला लावला तर निघतं, 'कितीही क्षुल्लक असली तरी डोक्याच्या प्रत्येक दुखापतीकडे दुर्लक्ष करावं'. 'नो', 'टू' आणि 'इग्नोर' असे तीन नकारार्थी थर साचले की मेंदू मोजणं सोडून जगाच्या अनुभवावर अर्थ ठरवतो. म्हणून वैद्यकीय किंवा कायद्याच्या मजकुरात एका वाक्यात एकापेक्षा जास्त नकार ठेवू नयेत.

'ऑल दॅट ग्लिस्टर्स इज नॉट गोल्ड' हे शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधलं वाक्य काटेकोर वाचलं तर 'चकाकणारं काहीच सोनं नसतं' असंही निघेल, आणि सोनं तर चकाकतं. इंग्रजीत 'ऑल' आणि 'नॉट' यांच्यामध्ये नकाराची हद्द कुठवर आहे ते शब्दांवरून कळत नाही. मराठीत ही अडचण एका अक्षराने सुटते: 'चकाकतं ते सगळंच सोनं नसतं'. 'च' काढून पाहा, वाक्य डळमळतं. इंग्रजीत हा 'च' नाही, म्हणून स्वतः लिहिताना 'नॉट ऑल' असं सुरुवातीलाच म्हणावं.

रोजच्या बोलण्यात दोन प्रश्न फसवतात. पहिला 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' यात 'माइंड' म्हणजे हरकत असणं. बसायला परवानगी द्यायची तर उत्तर 'नो' असतं. 'येस' म्हटलं तर समोरचा गोंधळून उभाच राहील. 'नॉट अ‍ॅट ऑल, प्लीज सिट' हे पाठ करून ठेवण्यासारखं आहे. दुसरा नकारार्थी प्रश्न: 'आर्न्ट यू कमिंग?' मराठीत 'येणार नाहीस का?' ला आपण 'हो, नाही येणार' म्हणू शकतो, कारण तो 'हो' समोरच्याच्या अंदाजाला असतो. इंग्रजीत 'येस'नंतर होकारार्थी क्रियापदच येतं आणि 'नो'नंतर नकारार्थीच, प्रश्न कसाही विचारलेला असो. येत असाल तर 'येस, आय अ‍ॅम', नसाल तर 'नो, आय अ‍ॅम नॉट'. नुसतं 'येस' म्हणून थांबू नये.

जाता जाता 'आर्न्ट आय?' बद्दल. 'आय आर' कधीच नसतं, मग हे कसं? 'अ‍ॅम नॉट'चं संक्षिप्त रूप पूर्वी 'आन्ट' असं बोललं जायचं. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात 'आर्न्ट'मधला 'र' मुका असतो, म्हणून दोन्ही कानाला सारखे लागले आणि लिहिताना दुसऱ्याचं स्पेलिंग पहिल्याला चिकटलं. व्याकरण चुकलेलं नाही, फक्त स्पेलिंग उसनं आहे.

एकाच शब्दाचे उलटे अर्थ हा प्रकार लोक फार आश्चर्याने सांगतात, पण ज्या भाषेत 'परवा' म्हणजे दोन दिवसांपूर्वी आणि दोन दिवसांनंतरही, तिच्यात वाढलेल्याला त्याचं अप्रूप वाटायला नको. तिथे क्रियापदाचा काळ अर्थ ठरवतो, इंग्रजीत व्याकरणाची दुसरी खूण ठरवते. 'अ‍ॅन ओव्हरसाइट' म्हणजे नजरचूक, नुसतं 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख. 'सँक्शन' हे क्रियापद बहुधा मंजुरीचं, 'सँक्शन्स' हे अनेकवचनी नाम निर्बंधांचं. 'क्लीव्ह'मध्ये तर मुळात दोन निरनिराळी क्रियापदं आहेत, एक चिरण्याचं आणि एक चिकटण्याचं, उच्चार एकसारखे होत गेले इतकंच. यातला खरा धोकादायक शब्द 'टेबल' आहे. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला आणणं आणि अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांचा यावरून लांबलचक वाद झाल्याचं चर्चिल यांनी नोंदवलं आहे, आणि दोघांनाही हवी होती तीच गोष्ट. दोन्हीकडचे लोक असतील अशा बैठकीत हा शब्द नको.

अर्थ शोधताना सगळ्यात जास्त सावध राहायचं ते रंगतदार गोष्टींपासून. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे मुसळधार पाऊस, याबद्दल १९९९ पासून ईमेलमधून फिरणारी कथा म्हणते की गवताच्या छपरात झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची. कुत्री छपरात झोपत नाहीत, आणि कथा ज्या काळाची म्हणवते त्या सोळाव्या शतकात हा वाक्प्रचार सापडतही नाही. त्याच्याशी मिळतीजुळती वाक्यं सतराव्या शतकाच्या मध्यावर दिसतात, तीही नाटक-कवितेतली गंमत म्हणून. 'रूल ऑफ थंब' म्हणजे अंगठ्याइतक्या जाड काठीने बायकोला मारायची कायदेशीर मुभा, ही गोष्टही अशीच. इंग्लंडमध्ये १७८२ मध्ये एका न्यायाधीशाने असं म्हटल्याची वदंता उठली होती, पण तसा निकाल कुठे नाही, आणि वाक्प्रचार त्याच्या शंभर वर्षं आधीपासून 'अंदाजाने केलेलं माप' याच अर्थाने वापरात होता. तपासायची रीत सोपी आहे. प्रत्येक अर्थाचे तारीखवार दाखले देणारा ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश उघडावा आणि पहिल्या दाखल्याचं वर्ष कथेतल्या काळाशी ताडून पाहावं. विद्यार्थ्यांसाठीचे कोश आजचा रूढ अर्थ आधी देतात, या कामाला ते पुरे पडत नाहीत. आद्याक्षरांपासून शब्द झाल्याची कथा असेल आणि शब्द विसाव्या शतकापूर्वीचा असेल, तर ती जवळजवळ नेहमीच रचलेली असते.

राहता राहिला वापर. अर्थ कळला तरी वाक्प्रचार किती वाकवता येतो हे वेगळं शिकावं लागतं, आणि त्याला एक चांगली कसोटी आहे: अर्थाचे तुकडे शब्दांच्या तुकड्यांवर बसतात का? 'स्पिल द बीन्स'मध्ये बसतात. 'स्पिल' म्हणजे उघड करणं, 'बीन्स' म्हणजे गुपितं. म्हणून 'द बीन्स वेअर स्पिल्ड' असा कर्मणी प्रयोग चालतो. 'पुल स्ट्रिंग्ज' (वशिला लावणं) याचंही तसंच: 'स्ट्रिंग्ज वेअर पुल्ड', इतकंच काय 'सम स्ट्रिंग्ज'सुद्धा. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण मरणाचा कोणता भाग 'बकेट' आणि कोणता 'किक'? बसत नाहीत. (हा 'बकेट' बहुधा बादली नसून मारलेलं डुक्कर टांगायच्या तुळईचं बोलीतलं नाव आहे.) म्हणून 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की फक्त खरीखुरी बादली लाथाडली जाते. तो काळाच्या बाबतीतही आखडलेला आहे. माणूस 'वॉज डाइंग फॉर वीक्स' असू शकतो, पण 'वॉज किकिंग द बकेट फॉर वीक्स' म्हणता येत नाही, कारण लाथ एका क्षणात बसते आणि ते क्षणिकपण वाक्प्रचाराने सोडलेलं नाही. वहीत नवा वाक्प्रचार टिपताना अर्थाशेजारी एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता शब्द जुन्या अर्थाचा आहे, कर्मणी होतो की नाही, आणि ब्रिटन-अमेरिकेत फरक आहे का.